‘तीन मिनिटे झाली’ हे आता कोणी सांगत नाही : दूरसंचार नियामक प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : परदेशात असताना आपल्या भारतीय क्रमांकावर मिळणारी सेवा (आंतरराष्ट्रीय रोमिंग), तिचा दर आणि त्या दराची आगाऊ सूचना.

सादर नमस्कार.

मी १९७९ साली पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरीला लागले आणि डाक-तार खाते, दूरसंचार विभाग व शेवटी भारत संचार निगम अशा तीन पाट्यांखाली काम करून निवृत्त झाले. त्या काळी परगावी बोलायचे तर १८० फिरवून कॉल नोंदवावा लागे आणि मग घरातल्या कोणीतरी फोनजवळ बसून राहावे लागे. घाई असेल तर ‘अर्जंट’, म्हणजे दुप्पट दर, आणि जिवावर बेतले असेल तर ‘लाइटनिंग’, म्हणजे आठपट दर, हे फोन नसलेल्या घरांतसुद्धा माहीत असे. कॉल जोडून दिला की आमचे काम संपत नसे. दर तीन मिनिटांनी आम्ही ओळीवर येऊन ‘तीन मिनिटे झाली, वाढवायचे का?’ असे विचारत असू. लोक चिडत, कारण नेमके महत्त्वाचे वाक्य त्या वेळी तोंडात असे; पण पुढच्या तीन मिनिटांचे पैसे त्यांनी ‘हो’ म्हटल्यावरच कॉलच्या तिकिटावर, म्हणजे नोंदीच्या चिठ्ठीवर, चढत. माझ्या सगळ्या नोकरीत ‘आम्ही बोललोच नाही आणि बिल आले’ अशा तक्रारी पुष्कळ पाहिल्या, पण ‘आम्हाला ठाऊकच नव्हते की पैसे लागत आहेत’ अशी तक्रार ट्रंक कॉलबद्दल कोणी केल्याचे मला आठवत नाही.

त्या दिवसांचे गोडवे गाण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येई आणि सांगलीचा कॉल लागायला कधी कधी सांगलीला जाऊन येण्याइतका वेळ लागे. परदेशाचा कॉल तर आम्हाला मुंबईच्या हवाली करावा लागे, आणि गंमत अशी की परदेशाची वाट आमच्याच जिल्ह्यातून जात होती : १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी तारसंदेश सुरू झाले तेव्हा संदेश पाठवणारे केंद्र खडकीला आणि ते घेणारे दौंडला होते, आणि १९७१ साली उपग्रहाद्वारे परदेशाशी बोलणे सुरू झाले ते नारायणगावजवळच्या आर्वीच्या विक्रम भूकेंद्रातून. खात्याच्या सहलीत मी तेथली अँटेनाची अजस्र थाळी पाहिली आहे. एवढ्या यंत्रणेतून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाचा दर पैसे भरणाऱ्या माणसाला माहीत असतो, ही गोष्ट तेव्हा इतकी गृहीत होती की तिच्याबद्दल बोलण्याचे कारणच नव्हते. आज ते कारण आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील आम्ही बावीस जण पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली अशा सहलीला गेलो. निघण्याआधी महिनाभर संघाच्या कट्ट्यावर व्हिसापेक्षा फोनचीच चर्चा अधिक झाली. कोणी भारतातच कंपनीचा रोमिंग पॅक घेतला, कोणाला मुलांनी ई-सिम बसवून दिले, कोणी पॅरिसला उतरल्यावर सिमकार्ड घ्यायचे ठरवले, आणि कोणी ‘हॉटेलच्या वायफायवर भागेल’ या विश्वासावर काहीच घेतले नाही. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक या शेवटच्या गटातले. त्यांनी एकच काळजी घेतली. निवृत्तिवेतनाच्या खात्याचा ओटीपी परदेशातही यावा म्हणून कंपनीच्या दुकानात जाऊन त्यांनी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतले. ‘फक्त मेसेज यायला हवेत, बाकी काही नको’ असे त्यांनी सांगितले आणि समोरच्या मुलाने मान डोलावली. पॅरिसच्या विमानतळावर त्यांनी फोन चालू केला, आणि खिशातल्या त्या फोनने संघाच्या व्हॉट्सअॅप गटावरची बावीस जणांची छायाचित्रे, सुनेने पाठवलेला नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ आणि दोन-तीन अॅपची नवी आवृत्ती असे सगळे स्वतःच्या बुद्धीने उतरवून घेतले. परत आल्यावर साडेअकरा हजारांचे बिल हातात पडले. कंपनीचे उत्तर नियमाला धरूनच होते : रोमिंग आपणच सुरू करून घेतले होते, आणि दर संकेतस्थळावर दिलेले आहेत. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीत असते तर मुख्याध्यापकांची गत वेगळी झाली असती असे मला वाटत नाही.

आता याच सहलीतील दुसरी बाजू सांगते. आमच्या एका मैत्रिणीने बिलाच्या भीतीने रोमिंग बंदच ठेवले आणि पॅरिसमध्ये स्थानिक सिम घेतले. चौथ्या दिवशी तिच्या बहिणीला मिरजेच्या रुग्णालयात दाखल करावे लागले आणि आगाऊ रक्कम भरायची वेळ आली. बँकेत पैसे होते, हातात फोन होता, हॉटेलचे वायफाय उत्तम चालत होते, परंतु ओटीपी जाणार तो भारतीय क्रमांकावर, आणि त्या क्रमांकाला जगातले कोणतेही नेटवर्क त्या क्षणी ओळख देत नव्हते. ती रात्री दोन वाजेपर्यंत बँकेच्या मदत क्रमांकावर प्रयत्न करत राहिली. तो १८०० ने सुरू होणारा होता, आणि असे निःशुल्क क्रमांक परदेशातून बहुधा लागतच नाहीत. शेवटी भाच्याने उसने पैसे भरले.

माझे सगळे म्हणणे या दोन हकिगतींच्या मध्ये आहे. मुख्याध्यापकांनी खटका चालू ठेवला म्हणून ते बुडाले आणि मैत्रिणीने तो बंद ठेवला म्हणून ती अडली. एकाच खटक्यावर देवघरातला दिवा आणि गिझर असे दोन्ही जोडले, तर घरातली माणसे एक तर अंधारात बसतील किंवा विजेचे बिल पाहून हाय खातील, आणि त्यात माणसांचा दोष काढता येणार नाही. परदेशातील रोमिंगचे आज नेमके हेच झाले आहे. येणारा लघुसंदेश, बोलणे आणि डेटा या तिन्ही गोष्टी ग्राहकाच्या दृष्टीने एकाच शब्दात, ‘रोमिंग’मध्ये, बांधलेल्या आहेत, आणि तो शब्द उच्चारल्यावर सहसा तिन्ही सुरू होतात.

तांत्रिक अडचण आहे म्हणावे, तर ती नाही. आपला फोन परदेशात चालू झाला की तेथील नेटवर्क आपल्या घरच्या कंपनीच्या नोंदवहीला विचारते की हा ग्राहक तुमचा का आणि त्याला काय काय द्यायचे. त्या नोंदीत जे लिहिले असेल तेवढेच मिळते. देशाबाहेर असताना येणारे कॉल रोखणे, जाणारे आंतरराष्ट्रीय कॉल रोखणे, हे पर्याय मोबाइलच्या जीएसएम प्रणालीत फार पूर्वीपासून आहेत. तेव्हा ‘संदेश येऊ द्या, बाकी सर्व बंद’ अशी नोंद ठेवणे ही एका ओळीची बाब आहे. ती ओळ ग्राहकाच्या हाती द्यावी, इतकेच नव्हे तर परदेशात उतरणाऱ्या प्रत्येक भारतीय क्रमांकाची मूळ स्थिती तीच असावी, असा नियम आपण करावा ही माझी पहिली आणि मुख्य मागणी आहे.

या विषयाकडे आपले लक्षच नाही असे मी म्हणणार नाही. प्राधिकरणाने २०२० साली आंतरराष्ट्रीय रोमिंगवर शिफारशी केल्या होत्या. ही सेवा मुळात बंद असावी आणि ग्राहकाने मागितल्यावरच सुरू व्हावी, दर त्याला कळवावेत, डेटाचा वापर ठरावीक टप्प्यांवर पोहोचला की सूचना द्यावी, असा त्यांचा रोख होता आणि तो योग्यच होता. परंतु ‘मुळात बंद’ हा उपाय ज्या काळात सुचला तेव्हापासून आजपर्यंत आपल्या क्रमांकाचे रूपच पालटले आहे. तो आता बोलण्याचा क्रमांक कमी आणि किल्ली जास्त आहे : बँक, आधार, गॅसची नोंदणी, निवृत्तिवेतन, आयकर, अगदी व्हॉट्सअॅप नव्या फोनवर सुरू करायचे तरी त्याच किल्लीने कुलूप उघडते. घराबाहेर पडताना किल्ली घरातच ठेवून जा असा सल्ला कोणी देत नाही.

दुसरी मागणी त्या तीन मिनिटांची आहे. परदेशी रोमिंगचे दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहे आणि त्यामागची आपली भूमिका मी समजू शकते. परदेशातील कंपनी आपल्या कंपनीकडून काय आकारते यावर दिल्लीतून हुकूम चालत नाही. परंतु दर किती असावा आणि तो कधी सांगावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमध्ये फिरताना वेगळा रोमिंग आकार घेणे बंद केले हे बहुतेकांना ठाऊक असते, पण मला त्याहून अधिक मोलाची वाटते ती त्यांची जुलै २०१० पासूनची तरतूद : ग्राहकाने वेगळे काही सांगितले नसेल तर रोमिंगमधील डेटाचे बिल कर वगळून ५० युरोपर्यंत पोहोचताच डेटा थांबतो, आणि ८० टक्क्यांवर सूचना येते. पुढे जायचे असेल तर ग्राहकाने तसे सांगायचे. म्हणजे ऑपरेटर ओळीवर येऊन ‘वाढवायचे का?’ असे विचारतो. आपल्याकडे ही मर्यादा रुपयांत किती असावी यावर वाद होऊ शकेल. मी पाचशे म्हणेन, कंपन्या पाच हजार म्हणतील. पण मर्यादा असावी, ती आपोआप लागू असावी, आणि ती ओलांडण्यासाठी ग्राहकाचा स्पष्ट होकार लागावा, याबाबत वाद होण्याचे कारण मला दिसत नाही.

बोलण्याच्या आकाराबद्दलही एक गैरसमज सार्वत्रिक आहे. साताऱ्याची नणंद माझ्या क्रमांकावर फोन लावते तेव्हा तिला मी स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला आहे याचा पत्ता नसतो. ती स्थानिक कॉलचेच पैसे देते. तेथून पुढचा परदेशाचा टप्पा माझ्या खात्यावर पडतो, कारण परदेशात मी गेले आहे, ती नाही. व्यवस्था म्हणून यात काही चूक नाही. परंतु आपल्या देशात येणारा कॉल फुकट, ही सवय दोन दशकांची झाली आहे, आणि सकाळी सहाला आलेला कर्जविक्रीचा कॉल उचलण्याचेही आपण पैसे देतो हे सहलीतल्या बावीसांपैकी मोजून चौघांना माहीत होते. अशा व्यापारी कॉलना परदेशातील ग्राहकापर्यंत पोहोचूच देऊ नये, ही मागणी जाता जाता नोंदवते.

सीमांचे प्रकरण आणखी नाजूक आहे. पॅरिसमध्ये सिम घेतलेल्यांना दुकानदाराने ‘पूर्ण युरोप’ असे सांगितले होते. आमची बस फ्रान्समधून स्वित्झर्लंडमध्ये शिरली तेव्हा कोणी पासपोर्ट पाहिला नाही, बस थांबलीही नाही, बाहेरच्या गाईंत आणि कुरणांत काही फरक पडला नाही. बदलले ते फक्त फोनवरचे नेटवर्कचे नाव. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही आणि रोमिंगची ती सवलत त्याला आपोआप लागू होत नाही. ज्यांच्या सिममध्ये तो देश धरलेला नव्हता त्यांची शिल्लक इंटरलाकेनला पोहोचेपर्यंत आटली. ते सिम फ्रान्समधले, त्यामुळे तो भाग आपल्या अखत्यारीत नाही. परंतु आपल्या कंपन्यांचे पॅकही देशांच्या याद्यांवरच चालतात, आणि नेपाळला पशुपतिनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या कितीतरी मराठी यात्रेकरूंना तेथे आंतरराष्ट्रीय रोमिंग लागते हेच खरे वाटत नाही, कारण पासपोर्ट लागत नाही. यादीबाहेरच्या देशात पाऊल पडताच डेटा आधी थांबावा आणि मग विचारणा व्हावी.

जहाज आणि विमान हे तर यादीबाहेरचे देशच आहेत. सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर अलीकडे आपल्याकडची कुटुंबे मोठ्या संख्येने जातात. किनारा मागे पडला की फोन जहाजावरच्या उपग्रहाशी जोडलेल्या नेटवर्कला चिकटतो, आणि सिंगापूरसाठी घेतलेला साधा पॅक तेथे सहसा चालत नाही. काही विमानांतही असेच नेटवर्क असते. फोनला समुद्र आणि जमीन यांतला फरक कळतो, कारण नेटवर्कचे नाव त्याच्या पडद्यावर येते. कंपनीलाही कळतो, कारण ती त्यानुसार आकार लावते. न कळणारा एकटा ग्राहकच उरतो. ही नेटवर्के मुळात बंद ठेवावीत आणि ज्याला हवी त्यानेच ती मागून घ्यावीत.

पंधरा दिवसांच्या सहलीपेक्षा मला अधिक चिंता वाटते ती मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांची. पुण्यात, नाशकात, ठाण्यात अशी घरे गल्लोगल्ली आहेत. ९० दिवस वापर नसेल तर क्रमांक बंद होऊ शकतो, आणि खात्यात किमान २० रुपये शिल्लक असेल तर तो राखला जातो, ही २०१३ ची तरतूद चांगली आहे. पण ती फारशी कोणाला माहीत नाही, आणि क्रमांक राखला जाणे म्हणजे त्यावर संदेश येत राहणे नव्हे. तिकडे मुलाने दिलेले सिम वापरायचे, इकडचे ड्रॉवरमध्ये ठेवायचे, आणि परत आल्यावर क्रमांक गेलेला, काही काळाने तो दुसऱ्या कोणाला दिलेला, आणि बँकेचे संदेश त्या दुसऱ्याकडे : ही हकीगत मी एकाहून अधिक घरांत ऐकली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपण डेटाविना केवळ बोलणे आणि संदेश यांसाठी वेगळे व्हाउचर देण्याचे बंधन घातले आणि विशेष व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला मुभा दिली, त्याबद्दल मनापासून आभार मानते. त्याच वाटेवर पुढचे पाऊल म्हणून, परदेशातही केवळ येणारे संदेश मिळावेत असे वर्षभराचे अल्पमोली व्हाउचर सर्व कंपन्यांना ठेवायला लावावे.

यावर एक उत्तर मला अपेक्षित आहे की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या निर्देशांमुळे ओळख पटवण्यासाठी केवळ संदेशातील ओटीपीवर विसंबण्याची गरज उरणार नाही. ते पाऊल स्वागतार्ह आहे. पण प्रत्येक बँक, प्रत्येक विमा कंपनी आणि प्रत्येक सरकारी कचेरी संदेशाला सोडचिठ्ठी देईपर्यंत आमच्या पिढीचे परदेश प्रवास संपलेले असतील.

दुसरे उत्तर तरुण मंडळींकडून येते की व्हॉट्सअॅप असताना रोमिंग हवे कशाला. त्यांना मी दुबईचे उदाहरण देते, जेथे व्हॉट्सअॅपवर संदेश जातो पण बोलण्याचा कॉल सहसा लागत नाही, कारण इंटरनेटवरून बोलण्याची सेवा तेथे परवाना मिळालेल्या अॅपनाच देता येते. आणि चीनचे देते, जेथे हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअॅप उघडतच नाही, मात्र भारतीय सिमच्या रोमिंगवर उघडते, कारण त्या डेटाचा मार्ग आधी घरच्या नेटवर्ककडे वळतो आणि मग बाहेर पडतो. घरचा क्रमांक परदेशात किती उपयोगी असतो हे यावरून दिसेल. चिनी हॉटेलात बसून नातवाशी बोलणारी आजी प्रत्यक्षात भारताच्या दारातूनच बोलत असते.

मदत मागण्याच्या बाबतीत एक लहान पण निकडीची सूचना. मोबाइल कंपनी आणि बँक या दोघांनीही परदेशातून लागेल असा, ‘+९१’ ने सुरू होणारा पूर्ण क्रमांक प्रत्येक रोमिंग संदेशात दिला पाहिजे, आणि कंपनीच्या क्रमांकावर केलेला कॉल रोमिंगमध्येही निःशुल्क असला पाहिजे. त्याचबरोबर लोकांना हेही सांगितले पाहिजे की फोनमध्ये शून्य लावून साठवलेले भारतातले क्रमांक परदेशातून लागत नाहीत आणि शून्याची कळ दाबून धरली की अधिकचे चिन्ह उमटते. आमच्या बावीस जणांपैकी निम्म्यांना हे मी बसमध्ये शिकवले; निवृत्तीनंतर इतका समाधानाचा दिवस क्वचितच गेला असेल.

राहता राहिली भाषा. विमानतळावर उतरताच येणारा संदेश इंग्रजीत, चार-चार भागांत आणि अटींनी भरलेला असतो. मराठीत का पाठवत नाही असे मी एका कंपनीला विचारले तेव्हा उत्तर आले की रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात आणि देवनागरीत ७०. हे खरे आहे, आणि काना, मात्रा, अनुस्वारही त्यात स्वतंत्र मोजले जातात हेही खरे आहे. पण मी आयुष्यभर तीन शब्दांत सूचना दिली आहे. म्हणून डेटा थांबवून ग्राहकाला विचारणा करणारा संदेश मीच तयार करून सोबत जोडते आहे, तो कंपन्यांनी विनामूल्य वापरावा :

‘पॅक येथे चालत नाही. डेटा बंद केला आहे. सुरू करायचा असल्यास १ पाठवा.’

विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा धरून ही ६७ अक्षरे भरतात. तीन शिल्लक आहेत.

आपली विश्वासू,
ट्रंक एक्स्चेंजमधील एक निवृत्त ऑपरेटर,
पुणे